दार उघडायचा मान

दारफाळणीच्या सणाला आमच्यात दार लावून घेतात. सूर्य बुडायच्या आत जेवायचं, आधी गरम आणि मग गार पाण्याने न्हायचं, पांढरं नेसायचं, दाराला अडसर घालायचा. मग दुसऱ्या दिवशी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, परक्या माणसाशी बोलणं नाही. वर्षभराच्या पापांची देवाकडे माफी मागत बसायचं. पोथीत या दिवसाला भारदस्त नाव आहे, पण कोकणातून आलेल्या आम्हा यहुदी इस्रायल लोकांनी त्याला दारफाळणी म्हटलं. मला विचाराल तर तेच खरं नाव. कारण उपाशी माणूस त्या दिवशी देवाकडे कमी आणि दाराकडे जास्त बघतो.

आणि आमचं दार बघण्यासारखं होतं. सासऱ्यांचं घर मैसुरात मंडी मोहल्ल्यात, मोठ्या रस्त्याला लागून. सासरे पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आणि दारही त्यांच्यासारखंच, सागाचं, रुंद छातीचं, न हसणारं. एकदा मंडीतला गाडीचा बैल उधळून त्या दाराला धडकला. दाराला ओरखडा नाही. बैल मात्र त्यानंतर आमच्या गल्लीतून जाताना मान खाली घालून जायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मैसुरात आमची मोजकीच घरं. आमचं प्रार्थनेचं देऊळ नाही, प्रार्थना सांगणारा हजान नाही. सण सासऱ्यांच्या घरी. प्रार्थना तेच म्हणत, आम्ही मागून म्हणायचो. आणि संध्याकाळी शिंग फुंकून झालं की दाराचा अडसर काढून दोन्ही फळ्या उघडायच्या, हा मान माझा. थोरला जावई म्हणून. लग्न झाल्या वर्षापासून तो माझ्याकडे होता आणि तो माझ्याबरोबर थडग्यात जाणार याबद्दल मला शंका नव्हती.

आता दार तर काय, घरची बाईही उघडते. त्यात मान कसला? पण थांबा. हिंदूंच्या आश्विनातली दशमी म्हणजे दसरा, आणि आमच्या तिश्री महिन्यातली दशमी म्हणजे दारफाळणी. चंद्र दोघांचा एकच. अधिक महिना कोणी कधी धरायचा एवढाच वाद. त्यामुळे काही वर्षी आमचा सण दसऱ्याच्या महिनाभर आधी येतो, आणि काही वर्षी दोन्ही दशम्या एकमेकींच्या डोक्यावर येऊन बसतात. मैसूरचा दसरा. हत्ती, घोडे, उंट, पलटणी, बँड, आणि सोन्याच्या अंबारीत महाराज. मुलुख लोटतो. ज्या दिवशी अख्खं मैसूर घराबाहेर, नेमके त्याच दिवशी आम्ही दार लावून आत. दुपारची स्वारी आमच्या भिंतीपलीकडून जाते आणि आम्ही ती फक्त कानांनी बघतो. पण महाराज शमीची पूजा करून बन्नीमंटपाहून दिवट्यांच्या उजेडात परततात, तेव्हा आमच्या चांदण्या उगवलेल्या असतात. म्हणजे आमचं दार उघडतं ते महाराजांच्या समोर.

माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी असंच झालं होतं. मी दोन्ही हातांनी दार उघडलं, आणि समोर हत्ती. महाराजांनी अंबारीतून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी चंदनतेलाच्या कारखान्यात कामाला होतो. तिथे भट्टीवर बसलो की ही गोष्ट मी सांगायचो. गोष्टीच्या पहिल्या वर्षी महाराजांनी मान हलवली. पुढल्या वर्षी ते किंचित हसले. पाचव्या वर्षापर्यंत त्यांनी हत्ती थांबवून माझी चौकशी केली होती. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मी म्हणायचो, तेल्याच्या पोराला महाराज ओळखतात, अजून काय पाहिजे.

मग माझा साडू आला.

धाकट्या मेहुणीचा नवरा. पुण्याला होता, तिथून दरबारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागला आणि बिऱ्हाड घेऊन मैसुरात उतरला. दिसायला उंच, बोलायला कमी. मी एका दमात वीस वाक्यं बोललो की तो म्हणायचा, "असेल." गप्प माणसाचा हेवा करणं फार कठीण असतं. पकडायला काही मिळतच नाही.

त्याच्या पहिल्या दारफाळणीला मला त्याची कला कळली. हा माणूस बसत नव्हता. संध्याकाळी दार लागलं तेव्हा उभा, रात्रीची प्रार्थना उभ्याने. सकाळी मी चटईवरून उठलो तर हा भिंतीपासून हातभर दूर उभाच. आम्ही दुपारी आडवे झालो, हा उभा. अनवाणी, पांढऱ्या धोतरात, हातात पुस्तक. सासऱ्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे तीनदा पाहिलं. त्या तीनही नजरा मी मोजल्या, कारण त्यांच्यातली एकही कधी माझ्या वाट्याला आली नव्हती.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "धाकट्यांचं बघा की जरा."

"त्याचे पाय ओव्हरसियरचे आहेत," मी म्हणालो. "त्याला उन्हात उभं राहायचा पगार मिळतो."

"आणि तुम्हाला?"

"मी भट्टीवाला. माझं काम बसून."

"सुम्ने विचारलं," ती म्हणाली. आम्ही मैसूरकर मराठीत कानडीचा हा सुम्ने फार वापरतो. म्हणजे उगीच, सहज, कारण नसताना. आणि आमच्या बायका तो नेमका कारण असतानाच वापरतात.

पुढल्या वर्षी नव्या वर्षाच्या दिवशी, म्हणजे दारफाळणीच्या दहा दिवस आधी, सासऱ्यांनी पानावर बसल्या बसल्या हुकूम सोडला. पलटणीत सोडत असतील तसाच, मान वर न करता.

"यंदा दोन्ही दशम्या एकाच दिवशी येताहेत. स्वारी दारावरून जाईल. जो कोणी दिवसभर बसणार नाही, त्याने दार उघडावं."

मी म्हणालो, "मामा, हा मान थोरल्याचा ना?"

"थोरले," ते म्हणाले, "थोरलेपण बसून मिळतं. हे उभं राहून घ्या."

साडू जेवत होता. माझी सासू, आम्ही जावई तिला मामी म्हणायचो, मागे उभी राहून वाढत होती. तिने माझ्या पानात भाताचा एक डोंगर जास्त घातला. मला ते सांत्वन वाटलं.

त्या दहा दिवसांत मी जे भोगलं ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. हेवा हा पित्तासारखा असतो. रिकाम्या पोटी जास्त खवळतो आणि भरल्या पोटीही उतरत नाही. मी कारखान्यात उभं राहायची सवय करायला लागलो. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटऱ्या एवढ्या सुजल्या की विजारीत पाय घालायला दोन माणसं लागली. भट्टीवरचा एक म्हातारा म्हणाला, "काय झालं तुम्हाला, हत्तीपाय?" मी म्हणालो, "महाराजांच्या कामासाठी तयारी चालू आहे."

मला कळून चुकलं की उभं राहून मी जिंकणार नाही. त्यालाच बसवायला हवं. आणि उपाशी माणसाला बसवते ती भूक नव्हे, तहान.

साडूची एक दुबळी जागा मला ठाऊक होती. मामीला तो एकदा म्हणाला होता, त्याच्या मानाने भाषणच होतं ते, "मामी, कोकणासारखी खारवलेली मासळी इकडे मिळत नाही." मार्केटात मंगळूरकडची सुकी मासळी विकणारा एक होता. दार लागायच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो.

"सगळ्यांत खारट कुठली?"

त्याने एक तुकडा दाखवला. "साहेब, याच्यात मासा थोडा, मीठच जास्त. हे खाऊन माणूस कबिनी नदी पिऊन टाकील."

"तोच द्या. मोठा."

तो तुकडा पानात बांधून मी मेहुणीच्या घरी नेऊन दिला. मी म्हणालो, "तुझ्या नवऱ्याला आवडते ना. उपासाआधी दोन घास जास्त जातील." ती हरखून गेली. म्हणाली, "भावजी, तुमच्याएवढी आठवण कोणी ठेवत नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. आपल्या चांगुलपणावर माझा विश्वास नेहमीच चटकन बसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून आम्ही सगळे सासऱ्यांच्या घरी जमलो. सूर्य उतरायला लागला तशी पानं मांडली. आणि मी बघतो तो काय, मेहुणीने ती मासळी आपल्या घरी न करता सगळ्यांसाठी म्हणून आईकडे आणलेली. मामीने ती तीन पाण्यांत धुऊन, तव्यावर भाजून, ताटात घालून आणली. वास असा की शेजारच्या घरातली मांजरं भिंतीवर येऊन ओळीने बसली.

सासरे म्हणाले, "उपासाच्या तोंडावर खारी मासळी? मला नको."

दुसऱ्या घरचे दोघं होते, त्यांनीही हात आडवे केले. मामी साडूकडे वळली. त्याने मान हलवली. "मी फक्त पेज घेईन, मामी. भाऊंनी एवढ्या प्रेमाने आणलीय, त्यांना वाढा."

आता आणणारानेच नको म्हणायचं कसं? मामीने मोठा तुकडा माझ्या पानात घातला. मी खाल्ला. मेहुणी म्हणाली, "भावजी, अजून एक." तोही खाल्ला. मी मीठ खाल्लं नाही, समुद्र खाल्ला. वर दोन तांबे पाणी प्यालो, पण ते पाणी घशातून खाली जाईपर्यंतच वाळलं.

न्हाऊन पांढरं नेसून आम्ही पुढल्या सोप्यात उभे राहिलो. दार लागायच्या आधी आमच्यात हातबोशी होते. एकमेकांचे हात दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे, आणि आपली बोटं आपल्या ओठांना लावायची. त्यात माफी मागायची. सासरे दरवर्षी तेच सांगायचे, आणि त्या वर्षीही सांगितलं, "देवाविरुद्ध केलेलं पाप देव माफ करील. माणसाविरुद्ध केलेलं पाप त्या माणसाकडेच मागावं लागतं. आणि तेही दार लागायच्या आत."

मी सासऱ्यांकडे माफी मागितली. मामीकडे मागितली, तेव्हा ती म्हणाली, "कशाबद्दल?" आणि मला काही आठवेना, म्हणून पुढे सरकलो. बायकोकडे मागितली, तिने यादी द्यायच्या आत. मग साडू माझ्यासमोर आला. त्याने माझे हात धरले, नेहमीपेक्षा जरा घट्ट.

"भाऊ, माझं काही चुकलं असेल तर माफ करा."

"तुझं काय चुकणार?" मी म्हणालो. "केलं माफ."

तो हात न सोडता उभा राहिला. आता माझी पाळी होती. शब्द जिभेवर आले होते, पण जीभ टाळूला चिकटलेली. अर्धी मिठाने, अर्धी हेव्याने. मी त्याचे हात सोडले, बोटं ओठांना लावली, ती खारट लागली. सासऱ्यांनी अडसर घातला. दार लागलं.

रात्र कशीबशी गेली. मी उभा राहिलो. तोही उभा राहिला. सकाळ झाली आणि बाहेर मैसूर जागं झालं. मोठ्या रस्त्याला कडेची जागा धरायला खेड्यांतून माणसं यायला लागली. आणि मग आमच्या दाराबाहेरच्या ओट्यावर काहीतरी धडधड पडलं. एकामागून एक. मग एक आवाज आला.

"एळनीर. ताजा एळनीर."

एळनीर म्हणजे शहाळं. आमच्याच ओट्यावर, आमच्याच दाराला पाठ टेकून, कोणी शहाळेवाला दुकान मांडून बसला होता. दार उघडून त्याला हाकलावं तर दार उघडायचं नाही. आतून ओरडावं तर परक्याशी बोलायचं नाही. त्याचा कोयता खपकन बसायचा, टवका उडायचा, आणि मग कोणीतरी गटागटा प्यायचं. सागाच्या एवढ्या जाड दारातून मला त्या माणसाच्या घशाची घाटी वरखाली होताना ऐकू यायचं. सासरे प्रार्थना म्हणत होते, आम्ही पाप केलं, आम्ही दगा केला, आणि छातीवर मूठ मारायचे. बाहेर खप. पुन्हा मूठ. पुन्हा खप. शेवटी शेवटी मला कळेना की मी कशावर छाती बडवतोय.

दुपारपर्यंत माझी जीभ अशी वाळली की तोंडात फिरवली तर नव्या वहाणेसारखी करकरायची. मिसरातून निघून चाळीस वर्षं रानात फिरलेले आमचे पूर्वज मला सोप्यात येऊन बसलेले दिसले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, आम्ही तरी मासळी खाल्ली नव्हती. हुशारी यावी म्हणून सब्जाची डहाळी हातोहात फिरली. वास घ्यायला आमच्यात हरकत नाही. माझ्या हाती आली तेव्हा मी वास घ्यायच्या निमित्ताने अर्धी डहाळी तोंडाशी नेली, आणि वर बघतो तर मामी माजघराच्या उंबऱ्यात उभी, माझ्याकडेच बघत. मी डहाळी पुढे दिली.

मग वाड्याकडच्या तोफा झाल्या आणि स्वारी निघाली. भिंत हादरायला लागली. बँड आला, टापा आल्या. मग एक जड, मऊ, सावकाश पाऊल, आणि त्यामागे लोकांचा आवाज. घरातली मुलं दाराच्या फटीला कान लावून होती, मामीने मागून त्यांच्या खांद्यांवर हात ठेवलेला. हत्ती गेले. रस्ता ओसरला. सासरे म्हणाले, "शेवटच्या प्रार्थनेला अवकाश आहे. पडा जरा."

सगळे पडले. सोप्यात दोघंच उभे राहिलो, समोरासमोर. मध्ये एक खांब होता. मी त्याच्याजवळ होतो, आणि खरं सांगायचं तर खांब माझ्याजवळ जरा जास्तच होता.

"भाऊ," साडू हळूच म्हणाला, "टेका. कोणी बघत नाही."

"तू टेक."

"मी टेकलो की झोपतो."

"झोप मग."

"झोपलो की घोरतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. तो पुढे म्हणाला, आणि एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं, "पुण्याला देवळात एकदा याच दिवशी बसल्या बसल्या डोळा लागला. पापांची कबुली चाललेली. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं, मी हुंदके देतोय. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग दुसऱ्याने फिरवला. मग माझा सूर चढला आणि सगळ्यांना कळलं. त्या वर्षापासून बसलो नाही."

"म्हणजे ही भक्ती नव्हे?"

"भक्ती कसली, भाऊ. लाज."

वर्षभर. अख्खं वर्षभर मी ज्या गोष्टीचा हेवा करत होतो ते घोरणं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं ते भलतंच. मला त्या घोरण्याचाही हेवा वाटला. माझी एकही लाज मला इतकी उपयोगी पडलेली नव्हती.

बाहेर पुन्हा कोयता खप म्हणाला. माझ्याच्याने राहवेना.

"ती मासळी," मी म्हणालो.

"हो."

"मुद्दाम खारट आणली होती. तू बसावास म्हणून."

"ठाऊक आहे. मार्केटवरून येताना मासळीवाल्याने मला विचारलं, तुमच्या साडूंनी सगळ्यांत खारट तुकडा नेला, घरी कोणाचं वैर आहे का."

"आणि तरी तू काल माझे हात धरून माफी मागितलीस?"

तो पायांकडे बघत म्हणाला, "माझंही होतं एक. मामी ताट घेऊन यायच्या आधी मी चुलीपाशी गेलो होतो. म्हणालो, भाऊंना मासळी फार आवडते, लाजतील, मोठा तुकडा वाढा."

माझ्या घशातलं सगळं मीठ एकदम जागं झालं. पण रागापेक्षाही मला जे लागलं ते वेगळं. त्याचंही पाप होतं, माझंही होतं. पण त्याने आपलं दार लागायच्या आत फेडून घेतलं. मीच फेडून दिलं, फुकट, तुझं काय चुकणार म्हणत. आणि माझं मात्र दाराच्या आत माझ्याबरोबर अडकलेलं. सासऱ्यांच्या हिशेबाने तो देवापुढे धुतल्या धोतरासारखा उभा होता आणि मी तव्यावरच्या मासळीसारखा.

"दार लागल्यावर मागितलेली चालते का?" मी विचारलं.

"मला कळत नाही. मागून बघा."

मी त्याचे हात धरले. "माफ कर."

"केलं."

"एवढ्यात? जरा विचार तरी कर."

"उभं राहून विचार होत नाही, भाऊ."

त्यानंतर मी खांब सोडला. कोणाला दाखवायला नव्हे, आणि दाखवायला म्हटलं तरी चालेल. शेवटच्या प्रार्थनेला सगळेच उभे राहिले. उजेड तांबूस झाला, मग राखेसारखा. सासऱ्यांचा आवाज चिरकला होता, पण त्यांनी शिंग उचललं आणि असं फुंकलं की बाहेर शहाळेवाल्याचा हात थांबला. मागच्या अंगणातून मेहुणीने चांदण्या दिसल्याचं सांगितलं. उपास संपला. आणि लांबून, बन्नीमंटपाच्या बाजूने, परतीच्या स्वारीचा बँड ऐकू यायला लागला.

"तर मग," सासरे म्हणाले, "कोण बसलं नाही?"

"भाऊ बसले नाहीत," साडू म्हणाला. "दार त्यांनीच उघडावं."

बघा, काय माणूस. मान सोडला, आणि सोडायचा मोठेपणाही स्वतःकडे ठेवला. हे मी घेऊ शकत नव्हतो. भिकेत मिळालेला मान महाराजांना लांबूनही कळला असता.

"नाही, तूच उघड," मी म्हणालो. "मी खांबाला टेकलो होतो."

"टेकणं म्हणजे बसणं नव्हे."

"तू धाकटा आहेस, तुझी हौस."

"भाऊ, तुम्ही थोरले."

बँड जवळ येत होता. आम्ही दोघं अडसराच्या दोन टोकांना हात लावून उभे, कोणी उचलत नाही. मागे एक दिवस पाणी न प्यालेली सगळी माणसं. माझी बायको म्हणाली, "आता दुसरी दारफाळणी दारातच करणार का?"

एवढ्यात मागून मामी आली. हातातला मनुकांच्या सरबताचा तांब्या तिने सासऱ्यांकडे दिला आणि म्हणाली, "दोघं बाजूला व्हा."

"मामी," मी म्हणालो, "मामांचा हुकूम आहे. जो कोणी दिवसभर बसला नाही त्याने उघडायचं."

"मग मी कधी बसले?"

मी सासऱ्यांकडे बघत होतो. ते आधी आजची सकाळ आठवत होते, मग कालची संध्याकाळ. मग त्यांची नजर मागे मागे जात राहिली, बहुतेक लग्नापर्यंत गेली असावी, आणि कुठेच त्यांना ती बसलेली सापडली नाही. आम्ही सगळेच शोधत होतो. साडू म्हणाला, "खरं असेल." हे त्याने इतक्या हलक्या आवाजात म्हटलं की तेवढ्यापुरता मला तो आवडला.

जो अडसर काढायला मला दरवर्षी बायकोची मदत लागायची, तो मामीने एका हाताने उचलून भिंतीला टेकवला. दोन्ही फळ्या आत ओढल्या. आणि दाराला पाठ लावून बसलेला शहाळेवाला आपल्या शहाळ्यांसकट मागच्या मागे आमच्या सोप्यात येऊन पडला. शहाळी गडगडत माजघरापर्यंत गेली. तो खाली पडल्या पडल्या आमची पांढरी वस्त्रं आणि खोल गेलेले डोळे बघून देवाचं नाव घ्यायला लागला.

"ऊठ बाबा," मामी त्याला कानडीत म्हणाली. "घाबरू नकोस. हिरवं कुठलं ते दाखव, पातळ मलईचं."

आणि त्याच क्षणी रस्ता उजळला. दिवट्या आल्या, घोडे आले, आणि त्यांच्यामागून तो हत्ती आला, झुलीवर उजेड नाचत. दार सताड उघडं. उंबऱ्यात पांढऱ्या लुगड्यात मामी. महाराजांनी अंबारीतून आमच्या दाराकडे पाहिलं आणि मान हलवली.

आजवर मी जे सांगत आलो ते थोडंफार वाढवलेलं होतं, मासळीवाला वाढवून मीठ घालतो तसं. हत्ती थांबवल्याचं तर मी कारखान्यातही आता सांगत नाही. पण ही मान हललेली मी पाहिली, साडूने पाहिली, सासऱ्यांनी पाहिली. मामीने नाही पाहिली. तिची रस्त्याकडे पाठ होती. ती एक शहाळं कानाशी हलवून बघत होती.

साडूचा हेवा माझा त्या दिवशी बराचसा उतरला. पण हेवा ही जागा सोडणारी वस्तू नाही, भाडेकरू बदलतो इतकंच. पुढे मामी असेपर्यंत दार तिनेच उघडलं, आणि दरवर्षी मी तिच्या मागे, डाव्या खांद्याशी उभा राहायचो, म्हणजे कोणी वर बसून बघितलंच तर मी निदान दिसावा.

त्या दसऱ्याच्या पुढच्या वर्षी हातबोशीला मी सगळ्यांच्या आधी तिच्याकडे गेलो. तिचे हात धरले. हळदीचे, खरबरीत हात.

"मामी, माफ करा."

"कशाबद्दल हो, जावई?"

सोप्यात सगळे ऐकत होते. साडू तर कान देऊनच उभा होता.

"सुम्ने," मी म्हणालो.